सलाइनमधून बायोलॉजिक औषध घेताना : पहिल्या डोसच्या आधीपासूनची काळजी

संधिवात किंवा आतड्यांच्या दीर्घकालीन दाहासाठी इन्फ्लिक्सिमॅब, रिटुक्सिमॅब, टोसिलिझुमॅब यांसारखी बायोलॉजिक (जिवंत पेशींमध्ये तयार केलेली, प्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग रोखणारी) औषधे सुचवली गेली, की घरात पहिली चौकशी खर्चाची होते. ते स्वाभाविक आहे. पण त्याच भेटीत क्षयरोगाच्या तपासणीविषयी विचारावे, कारण आपल्याकडे हा धोका मोठा आहे.

क्षयरोगाचे जंतू अनेकांच्या शरीरात वर्षानुवर्षे सुप्त असतात आणि त्यांना कोंडून ठेवणाऱ्या पेशींचा वेढा टिकवण्याचे काम टीएनएफ हे प्रथिन करते. इन्फ्लिक्सिमॅब नेमके तेच प्रथिन निष्प्रभ करत असल्याने तो वेढा ढिला पडू शकतो. म्हणून छातीचा एक्स-रे आणि मांटू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) चाचणी झाल्याशिवाय पहिला डोस घेऊ नये. सुप्त संसर्ग आढळल्यास प्रतिबंधक गोळ्या सुरू करून साधारण महिनाभर थांबतात आणि पुढे त्यांचा कोर्स पूर्ण करावा लागतो. घरात पूर्वी कोणाला टीबी झाला असेल, तर ते संकोच न करता सांगावे. पुढे होणारा टीबी पुष्कळदा फुप्फुसांबाहेर उद्भवतो, त्यामुळे खोकला नाही एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. वजन घटणे, रात्री घाम येणे, मानेत गाठ येणे हेही कळवावे. हिपॅटायटिस बीची रक्ततपासणीही आधीच व्हावी, कारण विशेषतः रिटुक्सिमॅबनंतर तो विषाणू पुन्हा उसळून यकृत निकामी होऊ शकते.

फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी शक्यतो उपचाराआधी घ्याव्यात. जिवंत जंतूंच्या लसी उपचार चालू असताना टाळाव्या लागतात. गरोदरपणात इन्फ्लिक्सिमॅब घेतले असेल, तर बाळाला जन्मतःच बीसीजी ही क्षयरोगाची जिवंत लस देण्यापूर्वी प्रसूतिगृहात ही गोष्ट स्पष्ट सांगावी. तेथे बीसीजी नेहमीच्या पद्धतीने दिली जाते आणि अशा बाळाला ती घातक ठरू शकते.

औषधाची कुपी बाहेरून आणायची असल्यास ती 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात राहिली पाहिजे, मात्र गोठता कामा नये. येवला, कळवण किंवा सुरगाण्याहून नाशिकला येणाऱ्यांनी, विशेषतः मे महिन्यात, ती शहरातूनच घेऊन थेट रुग्णालयात द्यावी, हे मला अधिक सुरक्षित वाटते. इन्फ्लिक्सिमॅबची सलाइन किमान दोन तास चालते. त्या वेळी खाज, छातीत आवळणे, धाप, थंडी वाजणे यांपैकी काहीही जाणवले, तर परिचारिकेला त्याच क्षणी सांगावे. बहुतेक वेळा सलाइन थांबवून किंवा वेग कमी करून त्रास आटोक्यात येतो. सलाइन संपली म्हणून लगेच परतीची बस गाठू नये, डॉक्टर सांगतील तेवढा वेळ निरीक्षणाखाली थांबावे आणि सोबत कोणीतरी असावे. साधारण तीन ते बारा दिवसांनी ताप, पुरळ आणि सांधेदुखी एकत्र सुरू झाली, तर ती उशिरा उमटलेली प्रतिक्रिया असू शकते.

ताप 38 अंश सेल्सिअस किंवा अधिक असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. ‘व्हायरल आहे, दोन दिवसांत उतरेल’ हा शेजारचा सल्ला इतरांसाठी ठीक असेल, या रुग्णासाठी नाही. टोसिलिझुमॅब चालू असताना तर ताप आणि सीआरपी (रक्तातील दाह दाखवणारी पातळी) दोन्ही दबलेले राहू शकतात, म्हणून केवळ थर्मामीटरवर विसंबू नये. ताप किंवा पिकलेली जखम असताना पुढचा डोस घेण्यासाठी जाऊ नये, तो पुढे ढकलायचा का हे फोनवर विचारावे. मात्र बरे वाटते म्हणून परस्पर डोस चुकवणेही धोक्याचे आहे, कारण मोठ्या खंडानंतर इन्फ्लिक्सिमॅब पुन्हा सुरू करताना तीव्र प्रतिक्रियेची शक्यता वाढते.

कच्चे दूध आणि अर्धवट शिजलेले मांस किंवा अंडे टाळावे. अंगावर उघडी जखम असताना रामकुंडात उतरू नये; 2027च्या सिंहस्थात गर्दीच्या पर्वकाळी न जाणेच उचित, गेल्यास मास्क वापरावा. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर भागात भातलावणीच्या चिखलात काम करावे लागत असेल, तर बूट घालावेत आणि पायाची लहानशी चीरही दुर्लक्षित ठेवू नये.

प्रत्येक डोसची तारीख, औषधाचे नाव, कंपनी आणि बॅच क्रमांक एका वहीत लिहून ठेवावा आणि ती वही दाताच्या डॉक्टरांनाही दाखवावी. दुष्परिणाम झाल्यास 1800-180-3024 या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर रुग्ण स्वतःही नोंद करू शकतो, त्या वेळी हा बॅच क्रमांक लागतो.