ग्रो लाइट लावण्याआधी: टॉप (प्लग), सॉकेट आणि बाकीची तयारी

गेल्या ऑक्टोबरात मी मागच्या खोलीत लेट्यूस आणि बेसिलसाठी ग्रो लाइट (घरात रोपं वाढवायची एलईडी पॅनल) लावले आणि अकराव्या दिवशी सॉकेट जळालं. यंदा पुन्हा लावतेय. तीन-चार जणींनी विचारलं, प्रत्येकीला फोनवर तेच सांगत बसण्यापेक्षा सगळी तयारी एकदा लिहून ठेवते. तुमच्याकडे दोनच पॅनल असली तरी वाचा, कारण माझं सॉकेट लोड जास्त झाला म्हणून जळालं नव्हतं.

आधी लोडचा हिशोब. खोक्यावरचा मोठा आकडा धरू नका, तो जाहिरातीचा असतो. १००० लिहिलेलं पॅनल प्रत्यक्षात शंभर-सव्वाशे वॉटच घेतं, असं सर्रास दिसतं. ड्रायव्हरच्या (पॅनलला वीज पुरवणाऱ्या डबीच्या) लेबलवर ‘इनपुट’समोर जे वॉट आणि अँपिअर छापलेत ते खरे. माझी चार पॅनल प्रत्येकी २४० वॉटची, म्हणजे ९६० वॉट. भागिले २३० व्होल्ट, ४.२ अँपिअर. स्वस्तातला ड्रायव्हर असेल तर नुसता भागाकार पुरत नाही. पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी कामी येणारा भाग) ०.६ असेल तर तेच २४० वॉटचं पॅनल एक अँपिअरऐवजी पावणेदोन ओढतं. आणि व्होल्टेज उतरलं की हे ड्रायव्हर प्रकाश तेवढाच ठेवण्यासाठी करंट वाढवतात: १९० व्होल्टला माझ्या ४.२ चे ५ होतात. आमच्या गल्लीत संध्याकाळी व्होल्टेज उतरतंच. पंखा, एक्झॉस्ट, पाण्याचा पंप यांचे आकडे यातच मिळवा.

हा हिशोब मी गेल्या वर्षीही केला होता. ४.२ अँपिअर, सॉकेट ६ अँपिअरचं, मागे एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) १६ चा. कागदावर लोड कुठेच जास्त नव्हता. चारही पॅनल एका एक्स्टेंशन बोर्डवर आणि त्या बोर्डचा टॉप भिंतीतल्या जुन्या सॉकेटमध्ये. अकराव्या दिवशी रात्री सासूबाई म्हणाल्या, “अगं, माशासारखा वास कुठून येतोय?” आमच्याकडे मासे शिजत नाहीत. मी खोलीत गेले तर लाइट व्यवस्थित चालू, एमसीबीही पडलेला नव्हता. मेन बंद केला. टॉप ओढला तर निघेना. फेजच्या पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक करपलेल्या पोळीसारखं तपकिरी होऊन सॉकेटला चिकटलं होतं, पितळी पिन काळी पडली होती आणि सॉकेटच्या आतली पत्ती, जिने पिन घट्ट धरायची, ती सैल पडून उघडीच राहिली होती. दहा-बारा वर्षं त्यात इस्त्रीचा टॉप रोज आत-बाहेर झाला होता. त्या सैल पत्तीकडे मी एकदाही बघितलं नाही.

हे नीट समजून घ्या. सैल सांध्यात समजा अर्धा ओहम रोध असेल, तर ४.२ अँपिअरला तिथे जवळजवळ ९ वॉट उष्णता तयार होते. आकडा लहान वाटतो, पण ती सगळी उष्णता हरभऱ्याएवढ्या जागेत साठते. इस्त्री वीस मिनिटं चालते आणि सॉकेट गार व्हायला मोकळं होतं. ग्रो लाइट सलग १६ तास चालतो, रोज. उष्णतेने पत्ती आणखी सैल होते, सैल झाली की आणखी तापते. एमसीबी पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. ईएलसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) पडत नाही, कारण गळती नसते. लाइट मंद होत नाही, कारण ड्रायव्हर दोन-चार व्होल्टची घट सांभाळून घेतो. घरातली एकही वस्तू तुम्हाला सांगत नाही. म्हणून टॉपला हात लावून बघायचा. लाइट लावल्यावर तासाभराने, मग चार तासांनी, टॉपच्या प्लास्टिकला कोरड्या हाताने, पिनांना बोट न लावता. किंचित कोमट असेल तर चालेल. बोट ठेवावंसं वाटलं नाही तर लगेच एमसीबी बंद.

सॉकेट नवीन घ्या, आयएसआय मार्कचं, १६ अँपिअरचं. चारही पॅनल मिळून ४ अँपिअर घेतात तर १६ चं कशाला, असं विचारू नका. मोठी पिन, मोठी पत्ती, मोठा स्क्रू, त्यासाठीच. सहा-सोळा दोन्ही टॉप घेणाऱ्या सॉकेटमध्ये लहान पिना कधीकधी सैल बसतात. टॉप घालून हलवून बघा, खेळला तर ते सॉकेट नको. बाहेरून मागवलेल्या पॅनलला दोन चपट्या पिनांचा टॉप येतो, त्यावर लोक ट्रॅव्हल अडॅप्टर लावतात. अजिबात नको. तो एक जास्तीचा सैल सांधा असतो आणि बहुतेक वेळा अर्थिंगही तुटतं. वायरीवरचा टॉप कापून आपला थ्री पिन टॉप बसवा. वायरीचे सगळे तार पीळ देऊन स्क्रूखाली जायला हवेत, एकही बाहेर नको. एक्स्टेंशन बोर्ड शक्यतो नकोच. घ्यावाच लागला तर जाड वायरीचा, वायर पूर्ण उलगडलेली, जमिनीवर नाही, आणि एका बोर्डातून दुसरा बोर्ड कधीच नाही. तिथेही प्रत्येक टॉपला हात लावा.

वायरिंग. मी यंदा डीबीपासून (जिथे घरातले एमसीबी असतात ती पेटी) वेगळी लाइन ओढून घेतली: अडीच एमएमची तांब्याची वायर, तिला १६ चा सी-कर्व्ह (चालू होतानाचा क्षणिक झटका सोसणारा) एमसीबी. बऱ्याच घरांत लाइट-पंख्याची लाइन एक किंवा दीड एमएमची असते, जुन्या इमारतीत अ‍ॅल्युमिनियमचीही सापडते. तिच्यावर हा लोड टाकू नका. एमसीबी वायरीला वाचवतो, लाइटला नाही. तो पडतोय म्हणून ‘ताई, ३२ चा बसवून देतो’ म्हणणाऱ्या वायरमनला स्पष्ट नको म्हणा. वायर तीच आणि एमसीबी मोठा, म्हणजे आता भिंतीच्या आत जळायची सोय. काम परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्या आणि तो निघायच्या आधी डीबीतले सगळे स्क्रू, न्यूट्रलच्या पट्टीवरचेसुद्धा, तुमच्यासमोर आवळून घ्या. सैल स्क्रू आणि सैल पत्ती, रोग एकच.

अर्थिंग हवंच. पॅनलचं अंग धातूचं, रॅक लोखंडी आणि आपण ओल्या हाताने ट्रे हलवणार. टेस्टर पेटला म्हणजे अर्थिंग आहे असं होत नाही; तिसऱ्या पिनेला खरंच अर्थ आहे का, हे वायरमनकडून मोजून घ्या. ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवा, महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबा. वायर सॉकेटपर्यंत येताना आधी खाली झोळ घेऊन मग वर जाऊ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळातून खाली टपकेल, टॉपमध्ये शिरणार नाही. ड्रायव्हर ट्रेच्या खाली नको.

टायमर. त्यावर १६ अँपिअर लिहिलेले असतात ते हीटरसारख्या लोडसाठी. एलईडी ड्रायव्हर चालू होताना क्षणभर कितीतरी पट करंट खेचतात आणि टायमरचे कॉन्टॅक्ट चिकटतात; मग लाइट बंदच होत नाहीत. लोड मोठा असेल तर टायमरने काँटॅक्टर (जास्त करंट सोसणारा, विजेवर चालणारा स्विच) चालवा. मी दोन टायमर लावलेत, पाच मिनिटांच्या फरकाने, म्हणजे एक चिकटला तरी दुसरा बंद करेल. सॉकेटमध्ये बसणारा टायमर म्हणजे आणखी एक सांधा, त्यालाही हात लावून बघायचा.

इन्व्हर्टर. घरातले लहान पॉइंट बहुधा इन्व्हर्टरवर असतात. लाइट गेली की हजार वॉट त्याच्यावर जातील. ग्रो लाइटची लाइन त्यातून वेगळी काढा.

बिल. ९६० वॉट, १६ तास म्हणजे रोजचे साधारण साडेपंधरा युनिट, महिन्याला ४६०. घरचा वापर मिळवला की महावितरणच्या ५०० च्या वरच्या टप्प्यात. बिलावर मंजूर भार किती ते बघा, कमी असेल तर आधी वाढवून घ्या. भाजी विकणार असाल तर घरगुती जोडणीवर चालवू नका.

आग लागलीच तर पाणी नको, आधी मेन. कोरड्या पावडरचं लहान अग्निशामक दाराजवळ, रॅकमागे नाही. खोलीत पडदे, पुठ्ठे, थर्माकोल नको.

पहिला दिवस सुट्टीचा निवडा. लाइट सकाळी लावा, दिवसभर घरात राहा. तासाने हात, चार तासांनी हात, झोपताना हात. पहिला आठवडा सगळे झोपल्यावर चालवू नका. महिन्याने मेन बंद करून टॉप उघडा आणि स्क्रू पुन्हा आवळा; तांब्याची वायर दाबाखाली थोडी बसते आणि स्क्रू ढिला होतो. पिन काळी किंवा प्लास्टिक पिवळं दिसलं तर टॉप आणि सॉकेट दोन्ही बदला, एकच नाही.

यंदाचे ट्रे मंगळवारी लावले. काल रात्री साडेदहाला चारही टॉप बघितले, गार होते. दुसऱ्या टायमरचा मात्र कोमट लागला, तो आज बदलतेय.