घरचा प्लम जॅम: साखर आधी नको

माझ्या पहिल्या प्लम जॅममध्ये चव होती, रंग होता, आणि दाताखाली चिवट चामड्यासारख्या साली होत्या. चूक एकच झाली होती: फोडी आणि साखर एकदमच पातेल्यात घातली होती. साखर फळातलं पाणी ओढून घेते आणि साल मऊ व्हायच्या आतच आकसून घट्ट होते. नंतर कितीही शिजवली तरी ती सुटत नाही. म्हणून आधी फळ पूर्ण शिजवायचं, मग साखर.

१ किलो प्लम (बिया काढून), ७५० ग्रॅम साखर, एका लिंबाचा रस आणि साधारण १०० मिली पाणी, एवढंच साहित्य. जॅम घट्ट धरायला घालतात ती बाजारची पेक्टिन पावडर लागत नाही, कारण प्लममध्ये पेक्टिन मुळातच भरपूर असतं. कच्चटपणाकडे झुकलेल्या फळात ते जास्त, अगदी पिकून मऊ झालेल्यात कमी. म्हणून तीन भाग पिकलेली आणि एक भाग किंचित कडक फळं घ्यावीत. डागाळलेला भाग कापून टाकला तर चालतं, पण आंबूस वास येणारं फळ बाजूलाच ठेवा.

साल काढू नका. रंग, आंबटपणा आणि पेक्टिनचा मोठा वाटा सालीतच असतो. प्लम धुऊन उभे अर्धे करा आणि बी काढा. काही जातींत बी सहज सुटते, काहींत गराला इतकी घट्ट चिकटलेली असते की सुरी घेऊन भांडत बसावं लागतं. अशी फळं अख्खीच थोडी शिजवा आणि गार झाल्यावर बिया वेचा. फक्त मोजून टाका आणि मोजूनच काढा. बी फोडून आतला गर मात्र जॅममध्ये घालू नका, त्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं.

पातेलं स्टीलचं, जाड बुडाचं आणि रुंद तोंडाचं हवं. रुंद भांड्यात पाणी लवकर उडतं, त्यामुळे फळाचा ताजेपणा टिकतो. एका वेळी दोन किलोच्या वर फळ घेण्याचा मोह टाळा, जॅम तासभर रटरटत राहतो आणि चव काळवंडते. सुरुवात करण्यापूर्वी रिकामं पातेलं वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहून ठेवा, नंतर कामी येईल. दोन-तीन बशाही फ्रीझरमध्ये टाका.

फोडी आणि पाणी मंद आचेवर १५ ते २० मिनिटं शिजू द्या. सालीचा तुकडा दोन बोटांत दाबला की चुरडला पाहिजे. तो चुरडेपर्यंत साखरेला हात लावायचा नाही. मग साखर आणि लिंबाचा रस घाला आणि आच मंदच ठेवून ढवळा. तळाशी कण खरखरत नाहीत याची खात्री झाली, की गॅस मोठा करा.

आता खरी कसोटी. मिश्रण जोरात उकळायला हवं, चमच्याने ढवळलं तरी न थांबणारी उकळी. बुडाला लागू नये म्हणून लांब दांड्याच्या डावाने तळ खरवडत राहा. अंगावर शिंतोडे उडतात आणि ते पाण्यापेक्षा फार वाईट भाजतात, म्हणून लांब बाह्यांचा कपडा बरा. फेस शेवटी एकदाच काढा.

जॅम कधी झाला, हे गरम पातेल्यात बघून कळत नाही. तिथे तो पातळच दिसतो, आणि त्याच भीतीने लोक तो आटवत राहतात. मग गार झाल्यावर चमचा वाकतो. दहा मिनिटांनी गॅस बंद करून फ्रीझरमधल्या बशीवर चमचाभर टाका. मिनिटभराने बोटाने ढकला: वर सुरकुती पडली तर झालं, पाण्यासारखं पळालं तर आणखी दोन-तीन मिनिटं. परीक्षा चालू असताना गॅस बंदच हवा. थर्मामीटर असेल तर समुद्रसपाटीजवळ १०४ ते १०५ अंश सेल्सियस. उंचावर पाणीच कमी तापमानाला उकळतं, तिथे पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा ४-५ अंश जास्त धरा. आणि तो लिहून ठेवलेला आकडा? भांड्याचं वजन वजा करून आतला ऐवज १.३ किलोच्या आसपास उतरला, की जॅम जवळपास झालाच. मला ही खूण बशीपेक्षाही भरवशाची वाटते.

काचेच्या बरण्या आधीच १० मिनिटं पाण्यात उकळून गरमच ठेवा. गरम बरणीत गरम जॅम, वर अर्ध्या सेंटिमीटरहून थोडी जास्त जागा सोडून. गार बरणीत ओतलात तर काच तडकते. कडा स्वच्छ पुसून झाकण लावा. कपाटात महिनोन्‌महिने ठेवायचा असेल तर हवाबंद होणाऱ्या झाकणांच्या बरण्या घ्या आणि भरल्यावर त्या पाण्यात बुडवून आणखी १० मिनिटं उकळा. एवढा खटाटोप नको असेल तर सरळ फ्रिजमध्ये ठेवा. साखर कमी केलेला जॅम तर फ्रिजमध्येच हवा. तो सैलही राहतो, कारण साखर इथे गोडीपुरती नसते, जॅम धरायला आणि टिकायलाही तीच लागते.

दुसऱ्या दिवशीही जॅम वाहताच असेल तर परत पातेल्यात ओता, थोडा लिंबाचा रस घाला आणि पुन्हा उकळा. फार घट्ट झाला असेल तर वापरताना चमचाभर गरम पाण्यात सैल करा. बुरशी दिसली मात्र, तर वरचा थर काढून खाऊ नका, अख्खी बरणी टाका.