कडुनिंबावरचे भुंगेरे आणि भिंतीवरचं कॅलेंडर

मेअखेर वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की पुढचे काही दिवस संध्याकाळी दिवेलागणीनंतर बॅटरी घेऊन घराजवळच्या कडुनिंबाखाली जाऊन उभे राहा. आधी पंखांची घरघर ऐकू येते. बॅटरी वर धरली की डहाळीडहाळीला तांबूस-तपकिरी भुंगेरे लोंबकळताना दिसतात, बरेचसे जोडीने. उसाच्या नि भुईमुगाच्या मुळ्या कुरतडणारी हुमणी ही अळी यांचीच.

सकाळी गेलात तर एकही भुंगेरा सापडणार नाही, कारण उजाडायच्या आत ते परत मातीत शिरतात. मागे राहतात चंद्रकोरीसारखी कातरलेली पानं. म्हणून कडुनिंब, बाभूळ आणि बोर या तीन झाडांकडे त्या दिवसांत सकाळीही एक नजर टाका. पानं कातरलेली दिसली तर त्या रात्री हातातलं काम बाजूला ठेवून भुंगेरे गोळा करा.

एक वर्ष मी हे टाळलं. भुंगेरे दिसले होते, पण पेरणीच्या गडबडीत उद्यावर ढकललं. ऑगस्टमध्ये उसात पिवळे पडलेले ठोंब दिसले. पाणी कमी पडलं असेल असं वाटून एक ठोंब हाताने ओढला, तर तो अलगद वर आला. मुळ्या जवळपास नव्हत्याच. खालच्या मातीत इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या पांढऱ्या अळ्या होत्या. एवढ्या उशिरा केलेला खर्च फारसा कामी येत नाही. अळी खोल असते, औषध तिथवर पोचत नाही.

आपल्याकडच्या या हुमणीची पिढी वर्षातून एकच असते, आणि एक मादी साधारण 50-60 अंडी घालते. म्हणजे अंडी घालण्याआधी पकडलेली प्रत्येक मादी मोलाची. झाडाखाली जुनी साडी किंवा ताडपत्री अंथरा, बांबूला आकडी बांधून फांद्या जोरात हलवा आणि पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. रॉकेल मिळत नसेल तर साबणाचं दाट पाणी चालतं. एका झाडावर सरासरी 20 किंवा जास्त भुंगेरे असतील तर धोक्याची पातळी गाठली असं समजा. काम संध्याकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान होतं, आणि पाऊस होईल तसे पुढचे दोन-तीन आठवडे ते पुन्हा पुन्हा करावं लागतं. शेजारच्या वस्त्यांनाही फोन करून त्याच रात्री कामाला लावा. भुंगेरा बांध ओळखत नाही.

भुंगेऱ्यांमुळे कडुनिंब तोडायचा विचार मात्र करू नका. तो आपल्याला ठरलेल्या जागी भुंगेरे गोळा करून देतो. शिवाय जून-जुलैत त्याच्याखाली पडणाऱ्या पिवळ्या निंबोळ्या वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून पोत्यात भरून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी लागते. 5 किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवल्या, सकाळी फडक्यातून गाळून त्यात थोडा साबणाचा चुरा घातला आणि एकूण पाणी 100 लिटर केलं की 5 टक्के अर्क तयार. तो त्याच दिवशी संपवा.

पावसाळ्यात शेवग्याच्या खोडाकडे बघा. केसाळ अळ्या दिवसा खोडावर चिकटून झुंडीने बसतात, लांबून साल काळवंडल्यासारखी वाटते. हात लावू नका, आग होते. झाड भाजू न देता पेटता टेंभा खोडावरून भरभर फिरवा, नाहीतर काठीने खरवडून साबणाच्या पाण्यात पाडा.

परसातल्या आंब्याच्या बुंध्याशी भुसा पडलेला दिसला तर भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, आत आहे. भोक शोधा, तार घालून अळी काढा, पेट्रोलचा बोळा आत सारून ओल्या चिकणमातीने तोंड लिंपा. आठ दिवसांनी परत बघा. ताजा भुसा दिसला तर शेजारी दुसरं भोक आहे. मोहराच्या दिवसांत, साधारण डिसेंबर-जानेवारीत, ढगाळ हवा आली की मोहर हलवून पाहा. तुडतुडे टुणटुण उडाले किंवा मोहरावर पांढरी भुकटी दिसली तर फवारणीचं बघा, पण फुलं पूर्ण उमलली असताना कीटकनाशक मारू नका. त्या वेळी फळधारणा माश्यांच्या भरवशावर असते.

हे सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात पेनाने लिहा: पहिला वळीव, पहिला भुंगेरा, पहिली निंबोळी, पहिला मोहर. जुनं कॅलेंडर रद्दीत घालू नका. तीन-चार वर्षांच्या तारखा शेजारी ठेवल्या की आपल्या शिवारात भुंगेरा पावसानंतर किती दिवसांनी निघतो ते कळतं, आणि ते गावागणिक वेगळं असतं.

तारांना टेकलेल्या फांद्या एप्रिलमध्येच वायरमनला सांगून, लाइन बंद करून काढून घ्या. पावसाळ्यात त्या झाडाखाली जनावर बांधू नका. आणि आकडी, साडी, घमेलं, चार्ज केलेली बॅटरी मेच्या दुसऱ्या आठवड्यात पडवीत हाताशी ठेवा. वळीव सांगून येत नाही.