असिटिलअसिटोनची नळी आणि हुतात्मा एक्सप्रेस: एम.एस्सी.च्या प्रकल्पातून

सोलापुरात एम.एस्सी.ला प्रवेश घेतला तेव्हा तापमान ठरले की समतोल स्थिरांकही (समतोलातल्या दोन रूपांचे गुणोत्तर सांगणारा आकडा) ठरला, अशी माझी पक्की समजूत होती. प्रकल्पासाठी असिटिलअसिटोन हाती येईपर्यंत ती टिकली. या संयुगाची कीटो (दोन कार्बोनिल, म्हणजे C=O गट असलेले) आणि ईनॉल (त्यातल्या एका गटाचे OH झालेले) ही दोन रूपे सतत एकमेकांत बदलत असतात. वायू अवस्थेत ईनॉल कीटोच्या सुमारे ११.७ पट असते, इथेनॉलमध्ये ५.८ पट, डीएमएसओ या सेंद्रिय द्रावकात २ पट आणि पाण्यात जेमतेम ०.२३ पट; म्हणजे पाण्यात पारडे चक्क उलटते.

वायूतला रेणू एकटा असल्यामुळे ईनॉल आपल्याच दुसऱ्या ऑक्सिजनशी आतल्या आत हायड्रोजन बंध जुळवून स्थिरावते. पाणी मात्र कीटोच्या दोन्ही कार्बोनिल गटांना बाहेरून असे बंध पुरवते, आणि ज्या रूपाला द्रावकाचा आधार अधिक मिळतो त्याची मुक्त ऊर्जा अधिक खाली येते, म्हणजे ते अधिक स्थिर होते. ही पन्नासपट घसरण प्रचंड वाटते खरी, पण २५ अंश सेल्सिअसला ती मोलमागे १० किलोज्यूलहूनही किंचित कमी फरकातून घडते, हे गणित मी वहीत तीनदा तपासले होते.

आमच्या विभागात एनएमआर यंत्र (चुंबकीय क्षेत्रात रेणूतल्या निरनिराळ्या हायड्रोजनांचे संकेत टिपणारे) नव्हते, त्यामुळे नमुने घेऊन पहाटे हुतात्मा एक्सप्रेसने पुणे गाठावे लागे. पहिल्या खेपेला मी जड पाण्यातली (हायड्रोजनऐवजी त्याचा जड समस्थानिक ड्युटेरिअम असलेल्या पाण्यातली) नळी आदल्या रात्रीच भरून ठेवली आणि पुण्यात पाहतो तो मधल्या कार्बनवरच्या हायड्रोजनचे संकेत जवळजवळ नाहीसे झालेले: त्या जागी ड्युटेरिअम येऊन बसले होते. अशा नळीत मिथिल (CH₃) गटांचे संकेत मोजावेत. क्लोरोफॉर्ममध्ये ही अडचण नसते, पण तिथे नवखे हमखास दुसरीकडे चुकतात. समजा, ईनॉलच्या एका हायड्रोजनच्या संकेताचे क्षेत्रफळ १.०० आणि कीटोच्या मधल्या दोन हायड्रोजनांचे ०.३५ आले, तर ०.३५ला आधी २ने भागायचे; गुणोत्तर ५.७ येते, २.९ नव्हे.

संगणकावर गणन करणाऱ्यांनी द्रावक नमूद केला नाही, तर उत्तर वायूतल्या एकट्या रेणूचेच मिळते. द्रावकाला एकसंध माध्यम मानणारे मॉडेल जोडले तरी हायड्रोजन बंध त्यात नीट उतरत नाहीत, म्हणून पाण्याचे दोन-चार रेणू प्रत्यक्ष ठेवून पाहणे मला अधिक विश्वासाचे वाटते. सरावाला २-हायड्रॉक्सीपिरिडीन घ्यावे: वायूत हायड्रॉक्सी रूपाची किंचित सरशी असते, तर पाण्यात पिरिडोन (कीटोसारखे C=O असलेले) रूप सुमारे ९०० पट होते.