नवी इलेक्ट्रिक गाडी कंपनीला परत द्यायचीय? या चुका टाळा

मिरगाचा पाऊस सुरू होऊन चार दिवस झाले होते. हातखंब्याच्या तिठ्यावर माझी अडीच महिन्यांची इलेक्ट्रिक गाडी तिसऱ्यांदा मान टाकून बसली. डॅशबोर्डवर लाल कासव (गाडीची शक्ती घटल्याची खूण), मागे ट्रकांचे हॉर्न. बंद गाडी लादून नेणारी फ्लॅटबेड कोल्हापूरहून आंबा घाट उतरून यायची होती, तिला पाच तास लागले. त्या पाच तासांत मी कंपनीला फोनवर जे काही सुनावलं, त्यातला एक शब्दही पुढे कामाला आला नाही. कामाला आला तो शेजारच्या टपरीवाल्याच्या पोराने सहज म्हणून काढलेला चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. त्यात कासव, किलोमीटरचा आकडा आणि घड्याळ तिन्ही दिसत होतं.

शेवटी कंपनीने गाडी परत घेतली. पण त्यात दीड वर्ष गेलं, आणि त्यातले सहा-सात महिने तरी माझ्याच चुकांनी खाल्ले. आपल्याकडे गाडी बिघडली की कंपनीला बोट दाखवायला चार जागा आयत्या मिळतात: घरचं अर्थिंग, उंदीर, पाणी आणि घाट. त्या आधी बुजवल्या नाहीत तर तुमची खरी तक्रारही त्यातच वाहून जाते.

अमेरिकेचा कायदा रत्नागिरीत लावणं

‘तीन वेळा दुरुस्ती झाली की गाडी परत घ्यावीच लागते’ हे मी कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं आणि शोरूममध्ये जाऊन ठणकावून सांगितलं. मॅनेजर हसला, आणि त्याचं बरोबर होतं. कॅलिफोर्नियात असा कायदा आहे. पहिल्या १८ महिन्यांत किंवा १८ हजार मैलांत एकाच दोषासाठी चार वेळा, जिवावर बेतणारा दोष असेल तर दोन वेळा दुरुस्तीचा प्रयत्न झाला, किंवा गाडी एकूण ३० दिवसांहून जास्त वर्कशॉपमध्ये पडून राहिली, तर ती सदोष असल्याचं गृहीत धरलं जातं. भारतात गाड्यांसाठी असा आकड्यांचा कायदा नाही. आपल्याकडे आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. त्यात ग्राहक आयोग दोष दूर करा, माल बदलून द्या किंवा पैसे परत करा, यांपैकी काहीही सांगू शकतो. काय सांगेल ते तुमच्या पुराव्यावर.

दुसरा घोळ शब्दाचा. आपल्याकडे शोरूममध्ये ‘बायबॅक’ म्हटलं की ते तीन वर्षांनी ठरावीक टक्के किंमत देणारी योजना काढून दाखवतात. त्यात तुम्ही गाडी विकता, आणि घसारा तुमच्या अंगावर. ईमेलमध्ये ‘बायबॅक हवा’ असं लिहू नका. ‘गाडीत उत्पादनदोष आहे, म्हणून पूर्ण किंमत परत द्यावी’ असं सरळ लिहा.

दोष कुठला, हे न बघता भांडायला जाणं

ही माझी सगळ्यात महाग पडलेली चूक, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिल्या दोन महिन्यांत मी तीन तक्रारी एकत्र कालवून सांगत होतो: रेंज कमी मिळते, घरी चार्जिंग मध्येच तुटतं, आणि गाडी चालता चालता बंद पडते. यातली पहिली तक्रार दोषच नव्हती. जाहिरातीतली रेंज ठरीव पद्धतीच्या चाचणीत मोजलेली असते. एसी लावून, चार माणसं आणि आंब्याच्या पेट्या घेऊन घाट चढताना ती मिळत नाही. तसंच, पूर्ण चार्ज केलेली गाडी लगेच घाटाखाली काढली की ब्रेकमधून वीज परत बॅटरीत भरायला जागा नसते, म्हणून ॲक्सिलरेटरवरून पाय उचलल्यावर गाडी नेहमीसारखी ओढून धरत नाही. यालाही मी ‘ब्रेक फेल’ म्हणून मोकळा झालो होतो. पुढे कंपनीच्या वकिलाने माझा तोच ईमेल काढून विचारलं, ‘यांना गाडी कळते तरी का?’

चार्जिंगची गोष्ट वेगळी. आमचं घर सड्यावर, खाली सगळा जांभा. वाडीतल्या वायरमनने मीटर लावला आणि न्यूट्रल व अर्थिंग यांच्यामध्ये ११ व्होल्ट दाखवले. ‘काका, तुमचं अर्थिंग नावालाच आहे,’ म्हणाला. चैत्र-वैशाखात जांभ्यातली ओल पार जाते, जुना खड्डा कोरडा ठणठणीत होतो, आणि चार्जर अर्थिंग मिळत नाही म्हणून स्वतःच बंद होतो. म्हणजे तो त्याचं काम चोख करत होता! नवा खोल खड्डा खणून पाइप, कोळसा, मीठ घातलं, उन्हाळ्यात त्यात पाणी सोडायची सवय लावली. व्होल्टेज दोनच्या खाली आलं आणि घरचं चार्जिंग सुरळीत झालं. गाडी बंद पडणं मात्र चालूच राहिलं.

मग माझी बाजू उभी राहिली, कारण परवानाधारक ठेकेदाराचा लेखी चाचणी अहवाल माझ्या हातात होता. ‘घरची वीज खराब’ हे उत्तर कंपनीला पुन्हा देता आलं नाही. तेव्हा हा खर्च आधी करा. महावितरणकडे कमी-जास्त दाबाची तक्रार केली असेल तर तिचा क्रमांकही जपून ठेवा.

आणखी एक. इलेक्ट्रिक गाडीतही साध्या गाडीसारखी १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी उघडतसुद्धा नाही. एकदा बसली तर ती बदलून घ्या आणि विसरून जा. पण माझ्यासारखी तीन महिन्यांत तीनदा बदलली, तर दोष बहुधा छोट्या बॅटरीचा नाही. तिला मोठ्या बॅटरीतून चार्ज करणारा भाग कामातून गेला असेल, किंवा गाडी बंद केल्यावरही सॉफ्टवेअर तिला झोपू देत नसेल. ‘बॅटरी बदलली’ एवढ्यावर गप्प बसू नका. ‘बॅटरी का बसली, ते कारण लिहून द्या’ असा ईमेल करा. उत्तर आलं नाही तर ते न येणंही फाइलमध्ये जातं.

जॉबकार्डावर दुसऱ्याने काहीही लिहू देणं

सर्व्हिस ॲडव्हायझर गोड बोलतो. ‘काका, मी बघतो ना, तुम्ही फक्त सही करा.’ पहिल्या दोन खेपांच्या माझ्या जॉबकार्डावर, म्हणजे वर्कशॉपच्या तक्रार-नोंदीच्या कागदावर, ‘जनरल चेकअप’ लिहिलं होतं. महामार्गावर मधोमध बंद पडलेली गाडी कागदावर जनरल चेकअपला आलेली! आयोगापुढे त्या दोन खेपा जवळजवळ धरल्याच गेल्या नाहीत.

तुमचे शब्द, तुमच्या भाषेत लिहून घ्या: ‘ताशी ६० वेगात असताना लाल इशारा येऊन शक्ती गेली, गाडी ओढून आणावी लागली.’ आत घेतल्याची तारीख, किलोमीटर आणि परत दिल्याची तारीख हवीच. संगणकाला जोडून जे एरर कोड निघतात, त्यांचा छापील अहवाल मागा. देत नसतील तर ‘मागितला, दिला नाही’ हे त्याच संध्याकाळी ईमेलने कळवा. गाडी परत घेताना ‘कामाने समाधानी’ अशा ओळीखाली सही असते. तिथे ‘चालवून पाहिल्यावर कळवेन’ लिहून मग सही करा. तोंड वाकडं करतात, करू देत.

सॉफ्टवेअर अपडेट ही इलेक्ट्रिक गाडीतली खास पळवाट. हवेतून, म्हणजे मोबाइल नेटवर्कवरून, अपडेट येतं, दोष चार दिवस दबतो, आणि जॉबकार्ड निघतच नाही. अपडेटच्या आधी आणि नंतर स्क्रीनवरच्या आवृत्तीचा फोटो काढा. मोबाइल ॲपमधल्या चार्जिंगच्या आणि प्रवासाच्या नोंदींचे स्क्रीनशॉट दर आठवड्याला काढून ठेवा. कधी ॲप बदलेल आणि जुन्या नोंदी गायब होतील, याचा नेम नाही.

वर्कशॉप लांब असणं ही आपली अडचण खरी, पण तिचाच पुरावा करता येतो. गाडी ओढून नेल्याची पावती, एसटीची तिकिटं, बदली गाडीचं भाडं आणि गाडी किती दिवस पडून राहिली त्याचा तक्ता करा. माझे ६३ दिवस भरले. शिव्याशापांनी भरलेल्या ईमेलपेक्षा हा एक आकडा जास्त बोलला. गाऱ्हाणं देवळात घालावं. कंपनीला तारीखवार पत्र लिहावं.

उंदीर आणि पाणी

पावसात उंदीर-घुशी बॉनेटमध्ये शिरतात आणि वायरी कुरतडतात. ते वॉरंटीत बसत नाही, विम्याकडे जावं लागतं. म्हणून वर्कशॉपला देण्यापूर्वी बॉनेट उघडून वायरींचे फोटो काढा. पाण्याचंही तेच. बॅटरी पॅकला आयपी ६७ मानांकन असतं, म्हणजे प्रयोगशाळेत एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी. ती गाडी नदीत घालायची परवानगी नव्हे. २२ जुलै २०२१ चा महापूर पाहिलेल्या चिपळूणकरांना हे सांगायला नको. एकदा गाडी गुडघाभर पाण्यातून काढल्याचं तुमच्याच रीलमध्ये दिसलं, की दोष सिद्ध करणं अवघड झालंच म्हणून समजा.

गाडी कोणाच्या नावावर, कशासाठी

गुहागर, गणपतीपुळे, तारकर्ली भागात होमस्टेवाले पाहुण्यांना आणायला-सोडायला इलेक्ट्रिक गाड्या घेतात, आणि कर वाचावा म्हणून सीए ती फर्मच्या नावावर घ्यायला सांगतो. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक संरक्षण कायद्याने ‘ग्राहक’ ठरत नाही. फक्त स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतली असेल तर सूट आहे. कंपनी पहिला आक्षेप इथेच घेते. तुमची गाडी त्या सवलतीत बसत असेल तर तक्रारीत ते पहिल्याच पानावर लिहा.

रागाच्या भरात हप्ते थांबवणं

‘गाडीच चालत नाही, तर हप्ता कशाला भरू?’ असं वाटतं. पण बँकेने तुम्हाला पैसे दिलेत, गाडी नाही. हप्ता चुकला की तुमचं पत मानांकन बिघडतं आणि गाडी बँक उचलते. मग परत द्यायला तुमच्याकडे उरतं काय? विमाही चालू ठेवा. वैतागून गाडी विकूनही टाकू नका, कारण दावा चालू असताना गाडी विकली म्हणून तक्रारी फेटाळल्या गेल्या आहेत. आणि बिघडलेली गाडी रोज ऐंशी किलोमीटर पळवू नका; ‘एवढी चालली, मग दोष कसला?’ हा प्रश्न ठरलेला. गाडीला गाढव जुंपून व्हिडिओ काढायचा मोह मलाही झाला होता. बायकोने थांबवलं.

१९१५ वर फोन केला म्हणजे केस झाली असं समजणं

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक चांगला आहे. कंपनी तिथे निदान उत्तर तरी देते. पण हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, आणि तुमची मुदत तिथे थांबत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगात जावं लागतं. ‘पुढच्या अपडेटमध्ये नक्की जाईल’ यात एक वर्ष सहज जातं.

गाडी कोल्हापूरला किंवा मुंबईला घेतली म्हणून तिथे खेटे घालायची गरज नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते: रत्नागिरी, सिंधुदुर्गात ओरोस, रायगडात अलिबाग. बिलावर ‘वाद फक्त अमुक शहरात’ असं छापलेलं असतं, त्याने घाबरू नका. गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. १० ते २० लाखांच्या गाडीला शुल्क ४०० रुपये. सरकारच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार ऑनलाइनही दाखल होते. वकील सक्तीचा नाही, पण गाडीच्या प्रकरणात मी तरी घ्याच म्हणेन.

मागणी एकच ठेवू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या एका निकालात म्हटलं होतं की वॉरंटी सदोष भाग बदलण्यापुरती असेल तर आख्खी गाडी बदलून मागता येत नाही. पुढे २०१० मध्ये दुसऱ्या प्रकरणात मात्र स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी करून, मूळचा दोष निघाला तर पैसे परत, अशी वाट दिली. तेव्हा पहिली मागणी पैसे परत, ते नाही तर नवी गाडी, तेही नाही तर दुरुस्ती, वाढीव वॉरंटी आणि भरपाई, अशी उतरंड लावा. आणि स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणीचा अर्ज सुरुवातीलाच द्या. मी तो सहा महिने उशिरा दिला, आणि तोवर कंपनीच्या इंजिनीअरचं ‘दोष आढळला नाही’ हेच एक मत रेकॉर्डवर होतं.

डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा, पण कोणी काय केलं ते वेगवेगळं मांडा. गोव्यातल्या एका ग्राहकाला जुन्या मॉडेलची, चालवलेली गाडी नवी म्हणून विकली गेली होती. त्यात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की डीलरच्या करणीला कंपनी आपोआप जबाबदार ठरत नाही, तिला ते माहीत होतं हे दाखवावं लागतं. (गाडी ताब्यात घेताना फॉर्म २१ वरचा (विक्री प्रमाणपत्रावरचा) उत्पादनाचा महिना-वर्ष वाचायला दोन मिनिटं लागतात. नोंदणी होण्याआधीच नाकारलेली गाडी परत देणं कितीतरी सोपं.)

तडजोडीच्या टेबलावर घाई

माझं प्रकरण मध्यस्थीत मिटलं. पहिला देकार होता दोन वर्षांची जादा वॉरंटी आणि काही हजारांचे सर्व्हिस कूपन, त्याखाली ‘आता कोणतीही तक्रार उरली नाही’ ही ओळ. सही केली असती तर चौथ्यांदा गाडी बंद पडल्यावर तोंड उघडायला जागा नव्हती. दुसऱ्या बैठकीत किंमत परत द्यायचं ठरलं. वापराबद्दल थोडी कपात मी मान्य केली. करारात बँकेचं उरलेलं कर्ज कोण आणि कोणत्या तारखेपर्यंत फेडणार, आरसी हस्तांतराचा खर्च कोणाचा आणि उशीर झाला तर व्याज किती, हे लिहून घ्या. नाहीतर गाडी त्यांच्या आवारात, आणि हप्ता तुमच्या खात्यातून.

गाडी सोपवताना किलोमीटरचा फोटो आणि ताबापावती घ्या, ॲपमधून आपलं खातं काढा, फोनबुक पुसा, विमा कंपनीला कळवा. फास्टॅग काचेवरून खरवडून काढा आणि बँकेकडून बंदही करून घ्या. मी विसरलो. नवव्या दिवशी रात्री सव्वाअकराला टोल कापल्याचा मेसेज आला. म्हणजे गाडी कोणीतरी चालवत होतं, आणि ती त्या दिवशी तरी बंद पडली नव्हती.