समुद्राकाठच्या सोलर स्ट्रक्चरला गंज लागू नये म्हणून काय करायचं (आधी जोडाकडं बघा)

मी लातूरकडचा. समुद्र आमच्यापासून साडेतीनशे किलोमीटरच्या पुढं, गंज म्हणलं की आम्हाला बोअरमधून काढलेला पाईप आठवतो नसता पावसात बाहेर राहिलेली वखराची पास. पण सोलरच्या कामाला आता इकडची पोरं सर्रास कोकणात जायलेत, आणि इकडचे दोन-तीन रिटायर मास्तर दापोली-गुहागरकडं घर घेऊन बसलेत, त्यांना फिटर पण गावाकडचाच पाहिजे असतो, म्हणून गेली काही वर्षं माझं जाणं-येणं चालू आहे. पहिलं काम मी लातूरला करतो तसंच करून आलो आणि तोंडावर आपटलो. त्यानंतर व्हिडिओत कुणी "एसएसचे (स्टेनलेस स्टीलचे) बोल्ट टाका, विषय संपला" असं म्हणलं की डोकं फिरतं. विषय तिथूनच सुरू होतो.

एक गोष्ट आधी. लोकांना वाटतं पाऊस लागला की गंज चढतो. समुद्राकाठी उलटं आहे, पाऊस मीठ धुऊन नेतो, आणि पॅनलच्या खाली जिथं रेल (पॅनल टेकतं ती पट्टी), क्लॅम्प (पॅनल धरणारी पकड), पर्लिन (रेलच्या खालचा आडवा दांडा) आहेत तिथं तो पोचतच नाही. तिथं मीठ बसत राहतं. हवेतला ओलावा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं (पावसाळ्यात डब्यातलं मीठ बघा की), आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड पण असतं, ते तर त्याच्या निम्म्याहून कमी ओलाव्यात भिजतं. म्हणजे वरून पॅनल कोरडं ठाक दिसतं आणि खाली जोड रात्रभर खाऱ्या पाण्यात बसलेले असतात. खाली वाकून न बघता "स्ट्रक्चर एकदम चांगलं हाय" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

माल घेताना

जीआय (जस्त चढवलेलं लोखंड), जीआय सगळेच म्हणतात, मायक्रॉन किती ते विचारा. बाजारात तयार गॅल्व्हनाइज पत्र्यापासून वाकवलेले सी चॅनल मिळतात, त्यावर एका बाजूला जस्त साधारण २० मायक्रॉन. वेल्डिंग, भोकं सगळं करून मग अख्खा तुकडा वितळलेल्या जस्तात बुडवून काढतात ते हॉट डिप, तिथं किमान ८० मायक्रॉन मागा. लाटांच्या जवळ, आयएसओच्या भाषेत सी५ म्हणतात त्या हवेत, जस्त वर्षाला ४ ते ८ मायक्रॉन झिजतं. हिशोब करा, २० मायक्रॉन अडीच ते पाच वर्षांत साफ, आणि पॅनलची वॉरंटी २५ वर्षांची. आमच्याकडच्या कोरड्या हवेत तेच जस्त वर्षाला एक मायक्रॉन पण जात नाही, म्हणून लातूरात जे चाललं ते तिकडं चालत नाही. अँगल जालन्याचा घ्या नाहीतर कुठला पण घ्या, लोखंडाला तोटा नाही, प्रश्न वरच्या जस्ताचा आहे. मायक्रॉन मोजायचं छोटं मीटर येतं, मी खिशात ठेवतो, दुकानदाराचं तोंड बघण्यासारखं होतं.

८० मायक्रॉन सुद्धा अगदी वाळूला लागून असलेल्या घराला २५ वर्षं पुरत नाही, म्हणून तिथं वरून इपॉक्सी रंग द्या. पण जीआयवर साधा रेड ऑक्साइड धरत नाही, वर्षभरात पापुद्रे निघतात, जीआयसाठीचा वेगळा प्रायमर लागतो. रेल शक्यतो ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमचीच. पॅनलच्या कागदावर आयईसी ६१७०१ ही मिठाची टेस्ट आहे का तेवढं बघा. (इकडं पोल्ट्रीच्या शेडवर पॅनल टाकणार असाल तर तिथं मीठ नाही पण अमोनिया आहे, त्याची टेस्ट ६२७१६, आणि गंजाची गत बरीचशी हीच.)

कापणं, भोकं पाडणं

शक्यतो जमिनीवर, माल जस्तात बुडवून यायच्या आधी. साइटवर कापावंच लागलं तर कापलेल्या तोंडाला आणि भोकाच्या आतल्या कडेला झिंक-रिच पेंटचे दोन हात, सिल्व्हर पेंट नाही, तो निस्ता दिसायला चांदी. ग्राइंडरच्या ठिणग्या पॅनलवर, रेलवर, बोल्टावर उडू देऊ नका. त्या ठिणग्या म्हणजे लोखंडाचा भुगा, जिथं पडतील तिथं आठवड्यात तांबडे ठिपके. संध्याकाळी स्लॅब झाडून घ्या. जीआयवर साइटला वेल्डिंग करायचं नाही, बस.

जोड (इथं सावकाश वाचा)

माझं ते पहिलं काम गुहागरच्या बाजूला होतं. ३ किलोवॅट, सहा पॅनल, घरातून लाटांचा आवाज येत होता. रेल ॲल्युमिनियमची, खाली जीआयचं पर्लिन, बोल्ट "एसएसचे", हार्डवेअरच्या दुकानातून चकचकीत बघून घेतलेले. अडीच वर्षांनी एका पॅनलवर नारळ पडला म्हणून बदलायला गेलो. बोल्टावर चहाचा डाग पडल्यासारखा तांबूस रंग, ते ठीक, पण वायसरच्या भोवती ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी जमलेली, नखानं खरवडली तर खाली चघळल्यासारखे खड्डे. जिथं रेल जीआयवर टेकली होती तिथलं जस्त गायब, लाल झालेलं. आणि नट हलेनात. पाना लावला, जोर केला, एक बोल्ट तुटला, दुसऱ्याचा नट जागेवर चिकटून अख्खा बोल्ट गोल फिरायला लागला. शेवटी ग्राइंडर घेतला, दोन पॅनलच्या फटीत घातला, आणि शेजारच्या चांगल्या पॅनलची काच एका क्षणात साबुदाण्यासारखी फुटली. एका पॅनलला गेलो होतो, दोन भरून दिले, एक माझ्या खिशातून.

त्यात तीन वेगळ्या चुका होत्या, तिन्ही माझ्या.

पहिली, बोल्टाची जात. एसएस म्हणजे एकच धातू नाही. दुकानात स्वस्तात जो चकचकीत मिळतो तो बरेचदा २०२, त्यात निकेल कमी. ३०४ त्याच्यापेक्षा बरा, आमच्याकडं लातूरात उत्तम, पण खाऱ्या हवेत त्यालाही डाग पडतात. समुद्राकाठी ३१६, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, मिठापुढं तेच टिकतं. ओळखायचं कसं, तर बोल्टाच्या डोक्यावर ए२ कोरलं असेल तर ३०४ च्या घरातला, ए४ असेल तर ३१६ च्या. काहीच कोरलेलं नसेल तर घेऊ नका. लोहचुंबक लावून बघायचा सल्ला सगळे देतात, तो सोडून द्या, २०२ पण चुंबकाला चिकटत नाही आणि चांगला ३०४ चा बोल्ट कधी कधी थोडा चिकटतो, घडवताना दाबला गेल्यामुळं.

दुसरी चूक मोठी. दोन वेगळे धातू एकमेकाला टेकले आणि मधे खारं पाणी आलं की तो सेल होतो, ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या टर्मिनलला जे होतं त्याचाच भाऊ. त्यात लवकर झिजणारा धातू स्वतः जातो आणि दुसऱ्याला वाचवतो. क्रम पाठच करा: आधी जस्त जातं, मग ॲल्युमिनियम, मग लोखंड, एसएस आणि तांबं शेवटी बसून मजा बघतात. म्हणून माझ्या कामात बोल्ट टिकला आणि रेल खाल्ली गेली, आणि रेलच्या खाली जीआयचं जस्त गेलं. पुन्हा आकाराचा पण खेळ आहे. मोठ्या ॲल्युमिनियमच्या रेलला छोटा एसएसचा बोल्ट असेल तर झीज पसरते, वर्षानुवर्षं निभतं. उलटं केलं, म्हणजे एसएसच्या मोठ्या पट्टीला जीआयचे छोटे बोल्ट लावले, तर सगळी झीज त्या बिचाऱ्या बोल्टावर. "बोल्ट बदलता येतो, जीआयचा टाका" हा सल्ला देणाऱ्याला छतावर चढवून दाखवा.

उपाय म्हणजे मधे काहीतरी घालून धातू वेगळे करा. रेल आणि पर्लिनच्या मधे २-३ मिलीमीटरची ईपीडीएमची (ऊन-पाऊस सोसणाऱ्या रबराची) पट्टी, जोडापेक्षा थोडी बाहेर येईल एवढी. जुन्या ट्यूबचे तुकडे कापून घालू नका, ते रबर कशाचं हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही. बोल्ट भोकातून जातो तिथं नायलॉनची बाही (पोकळ नळी) आणि डोक्याखाली तसाच वायसर, त्याच्यावर एसएसचा वायसर. निस्तं वर-खाली वायसर टाकून भोकात बोल्ट धातूला घासत असेल तर काही वेगळं झालं नाही, हे मला समजायला एक अख्खं काम लागलं. उन्हात उघडा राहील असा पांढरा नायलॉन घेऊ नका, ठिसूळ होऊन फुटतो, काळा घ्या, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा परत आवळा कारण प्लॅस्टिक दबतं आणि बोल्ट ढिला पडतो.

तिसरी चूक म्हणजे नट चिकटले ते. हे मिठामुळं झालं असं मी दोन वर्षं समजत होतो. तसं नव्हतं, निम्मे तर मी बसवतानाच चिकटले होते. एसएसच्या आट्यांवरचा पातळ थर घासून निघाला की आतला उघडा धातू एकमेकाला चिकटतो, आणि इम्पॅक्ट मशीननं भर्रकन आवळलं की गरम होऊन हमखास. त्यामुळं आट्यांना निकेलवालं अँटी-सीझ (आटे चिकटू नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावा, तांब्यावालं लावू नका, वरचा क्रम आठवा. साधं ग्रीस उन्हात वाळतं आणि धूळ धरतं. मशीन निस्तं नट जवळ आणण्यापुरतं आणि तेही हळू, शेवटचं आवळणं हातानं टॉर्क पान्यावर. आणि हे लक्षात ठेवा की आटे चोपडे केले की तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून कोरड्या बोल्टाचा आकडा जसाच्या तसा वापरायचा नाही, क्लॅम्पच्या कागदावर चोपड्या आट्यांचा आकडा दिलेला असेल तो घ्या. आवळताना नट मधेच जड झाला तर थांबा, उलटा फिरवून काढा, आटे बघा. "थोडा जोर लाव, बसतंय" म्हणणारा मदतनीस मी आता खालीच ठेवतो.

अर्थिंग

धातू वेगळे केले की वीज पण तुटते, हे विसरू नका. रबराच्या पट्टीवर बसलेली रेल आता खालच्या स्ट्रक्चरला जोडलेली नाही, तिला वेगळी अर्थिंगची वायर पाहिजेच. तांब्याची उघडी वायर ॲल्युमिनियमच्या फ्रेमला थेट बांधली तर फ्रेमच खाल्ली जाते, कलई केलेला लग (वायरच्या टोकाला बसवायचं टर्मिनल) आणि एसएसचा वायसर मधे घ्या. तांब्यावरून ओघळलेलं पाणी खालच्या जीआयवर पडू देऊ नका, ते पाणी पण नडतं.

धुणं

मी ऑक्टोबर ते मे दर महिन्याला खालून धुवायला सांगतो, वरून नाही, खालून. साध्या पाईपनं, गोड्या पाण्यानं, रेलच्या खाचा आणि क्लॅम्पच्या मागं. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर नको. पहिल्यांदा सांगताना मलाच अवघड वाटलं होतं, २०१६ ला आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, त्या गावच्या माणसानं लोखंडावर पाणी ओता म्हणून कसं सांगायचं. मास्तरांनी तोड काढली, ते टाकी साफ करायच्या दिवशीचं पाणी वापरतात.

वर्षातून एकदा पावसाळा संपल्यावर सगळ्यात वाऱ्याकडचा, समुद्राच्या बाजूचा एक क्लॅम्प उघडा. तो एकच. वायसरखाली पांढरी भुकटी दिसली तर त्या बाजूची सगळी रांग उघडायची, बोल्ट हातानं सुटला आणि खाली धातू चमकला तर परत अँटी-सीझ लावून बंद करा आणि तारीख रेलच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा.