आखाजीचा पोकर: माणसं चौदा, जागा नऊ

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे गावी जमले की आमच्या गच्चीवर पत्ते बसतातच. गेल्या वर्षी मी पोकर लावला. नऊ जण मावले, पाच जण कठड्यावर बसून बघत राहिले. धाकटा शालक दीड तास ताटकळला आणि एकही पान हातात न घेता झोपायला गेला. सणाला बोलावलेल्या पाहुण्याचं असं झालेलं मला फार लागलं. यंदा पद्धत बदलली, ती सांगतो.

पत्ते कधीच कमी पडत नाहीत. होल्डेम या पोकरच्या प्रकारात दहा जणांना दोन-दोन पानं, मध्ये पाच, बाजूला टाकायची तीन. 52 पैकी 28 च लागतात. अडचण होते ती मांडीला मांडी लागल्यावर. म्हणून नऊच्या वर माणसं गेली की सरळ दोन कॅट काढा आणि दोन बैठका घाला.

चौदा जण असतील तर बदाम आणि इस्पिकचे एक्का ते सत्ती वेगळे काढून पिसा, प्रत्येकाला एक ओढू द्या. बदामवाले एका गोधडीवर, इस्पिकवाले दुसऱ्या. पानाचा आकडा हाच बसण्याचा क्रम. जावई-सासरे मानपानही मिटतो. गोधडी मात्र घ्याच, फरशीवरून पान उचलत नाही.

चिप्स नसल्या तर चिंचोके 25 चे, शर्टाची बटणं 100 ची, सागरगोटे 500 चे. प्रत्येकी आठ, आठ आणि एक, म्हणजे 1500 गुण. चिंचोक्यांवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. गावात चिंचोके कोणाच्याही घरात असतात, हिशेब बिघडतो. पैसे अजिबात लावू नका. जुगारबंदीचा 1887 चा कायदा आजही लागू आहे, आणि भावाभावांत सणाला देणंघेणं नकोच.

ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधी दोघांनी पाळीपाळीने लावायची सक्तीची लहान आणि मोठी बोली, 25-50 पासून सुरू करून दर 20 मिनिटांनी वाढवा: 50-100, 75-150, 100-200, पुढे तसंच. साधारण तीन तासांत डाव संपतो. मोबाइलचा गजर दोन्ही बैठकांना एकच ठेवा.

आता महत्त्वाचं. दोन बैठकांत एकापेक्षा जास्त माणसांचा फरक पडू देऊ नका. पडला, तर भरलेल्या बैठकीत ज्याच्यावर पुढचा मोठा ब्लाइंड येणार आहे, त्याला उठवून पलीकडे बसवा. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ऐन रंगात कोणी जागा सोडत नाही. एकूण नऊ उरले की दोन्ही मोडून एकच बैठक करा, पानं ओढून जागा पुन्हा ठरवा.

शेवभाजीचं जेवण याच वेळी वाढा. मध्येच वाढलं तर तर्रीची बोटं पत्त्यांना लागतात आणि डागाचं पान पुढे रात्रभर ओळखू येतं.

बाद झालेला पहिला गडी पत्ते वाटायला बसवा, दुसऱ्याकडे गजर द्या. चार जण झाले की तिसरा कॅट त्यांच्या हाती द्या, मेंढीकोट सुरू होऊ द्या.